भट्टी बंद झाल्यावर

रायपूरच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक क्षेत्रांतल्या मिलमध्ये पूर्वी लोखंड दोनदा तापायचं. स्पंज आयर्न आणि भंगार इंडक्शन फर्नेसमध्ये वितळवून बिलेट ओतायची, ती थंड करून थप्पी लावायची, आणि सळई काढण्याआधी तीच बिलेट कोळशाच्या री-हीटिंग फर्नेसमध्ये घालून पुन्हा बाराशे अंशांच्या आसपास न्यायची. ही दुसरी भट्टी माझ्याकडे होती. कोळशाची भुकटी किती सोडायची, वारा किती द्यायचा, बिलेट आत ढकलणारा पुशर कधी मारायचा, आणि बिलेट गाभ्यापर्यंत तापलं आहे की नुसतं वरवर लाल दिसतं आहे, हे रंगावरून ओळखायचं. माझं तारुण्य याच कामात गेलं.

मग हॉट चार्जिंग आलं. कंटिन्युअस कास्टिंगच्या मशीनमधून निघालेलं लालबुंद बिलेट थंड होऊच द्यायचं नाही, तसंच रोलिंगच्या स्टँडकडे पळवायचं. कोळसा वाचतो. भट्टीत बिलेटवर खपली धरून जे लोखंड जळून जायचं तेही वाचतं. मी या बदलाच्या विरोधात नाही. उरल्याच्या आसपास राहणाऱ्या बाईला विचारा, सकाळी गच्चीवर काळी पूड झाडताना तिचं काय मत असायचं. कोळशाची एक भट्टी कमी झाली तर तेवढा धूर कमी झाला, हे मला पटतं. पण त्या भट्टीवर तीन पाळ्यांत माणसं होती आणि बदलाच्या हिशोबात त्यांचा रकाना कुणी मांडलेला नव्हता.

हे लिहितो आहे ते अशाच कुठल्यातरी रकान्याबाहेर पडणाऱ्या माणसांसाठी. मिलमधला असो, छापखान्यातला असो, नाहीतर हिशोबाच्या टेबलावरचा.

पहिली गोष्ट, काम जाण्याआधी खुणा दिसतात. नोटीस लागते तेव्हा उशीर झालेला असतो. भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर ठरावीक काळानं बदलावंच लागतं. आमच्याकडे ते पुढे पुढे ढकललं जाऊ लागलं. नव्या अग्निविटांची ऑर्डर गेली नाही. पुशरच्या सिलिंडरला गळती होती, तिथे जुनंच सील फिरवून बसवलं. निवृत्त झालेल्या फोरमनच्या जागी कुणी आला नाही. ज्या यंत्रावर मालक पैसा घालायचं थांबवतो, त्या यंत्रावरच्या माणसानं आपलं दुसरं काम शोधायला त्याच दिवशी लागावं. तुमच्या खात्यात यंत्र नसेल तर हे पाहा: नवं सॉफ्टवेअर शिकायला कुणाला पाठवतात, आणि कुणाला पाठवत नाहीत.

आता कागदांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्यातल्या बहुतेकांचं खरं नुकसान इथेच झालं.

भट्टी बंद करायचं ठरल्यावर आमच्यापुढे छापलेले कागद आले. मजकूर एकच, ‘मी स्वेच्छेनं राजीनामा देत आहे.’ सही केली तर हिशोब लगेच, असं सांगण्यात आलं. घरी हप्ते चालू असताना ‘लगेच’ या शब्दाला फार वजन असतं. बऱ्याच जणांनी सह्या केल्या. आम्ही काही जण थांबलो आणि श्रम कार्यालयात गेलो. राजीनामा देणं वेगळं आणि कामावरून कमी केलं जाणं वेगळं. कमी केलं तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं एका महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून ठरवून दिला होता. राजीनामा देणाऱ्याला ती नाही. आम्हाला वेळ लागला, चकरा पडल्या, पण रक्कम मिळाली. आता नव्या श्रम संहिता आल्या आहेत, तेव्हा सही करण्याआधी कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

ग्रॅच्युइटी याहून वेगळी. सलग पाच वर्षं भरली असतील तर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. राजीनामा दिला तरी ती बुडत नाही. ‘हिशोबात सगळं आलं’ असं कुणी म्हणालं तर ग्रॅच्युइटीचा आकडा वेगळा लिहून मागा.

भविष्यनिर्वाह निधीची अडचण मात्र आमच्यात घरोघरी निघाली. अनेकांना मधल्या काळात कंपनीच्या पटावरून काढून ठेकेदाराच्या पटावर घातलेलं होतं. काम तेच, भट्टी तीच, पण खाती दोन. एका खात्यात नाव एक, दुसऱ्यात दुसरं, आधारवर तिसरं. आपल्या मराठी नावांचं तर इथे हमखास होतं: हिंदी प्रांतातला बाबू वडिलांचं नाव आडनावात घालतो आणि आडनाव गाळतो. नोकरी चालू असतानाच हे दुरुस्त करा, कारण ती सुटल्यावर दुरुस्तीच्या अर्जावर सही करणारा ठेकेदार सापडत नाही. आणि पेन्शनच्या भागाला घाईनं हात लावू नका. सगळी मिळून दहा वर्षं भरली तर पेन्शनचा हक्क बसतो. दोन खाती जोडली नाहीत तर सहा आणि पाच अशी वर्षं असूनही माणूस दहाच्या आत राहतो. दहा भरली नसतील तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि पुढच्या नोकरीत ती वर्षं मिळवता येतात.

ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता त्यांच्यासाठी आणखी एक. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे. नोकरी गेल्यावर सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवसांची, आयुष्यात एकदा. आमच्या पाळीत हे कुणालाच माहीत नव्हतं. योजना आजही चालू आहे का, आणि अटी व मुदत काय, हे ईएसआयच्या शाखेत विचारा. नोकरी कशी सुटली यालाही तिथे महत्त्व आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा लाभ नाही, म्हणून तो राजीनाम्याचा कागद पुन्हा आठवावा.

घरी त्याच दिवशी सांगा. आमच्यातला एक जण कितीतरी दिवस सकाळी डबा घेऊन निघायचा आणि तेलीबांधा तलावाच्या काठी बसून संध्याकाळी परत जायचा. मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “अब का करबो, भैया?” त्याच्या बायकोला गोष्ट कळली ती उधारी मागायला आलेल्या दुकानदाराकडून. नोकरी गेल्यापेक्षा तिला त्यानं ती लपवल्याचंच जास्त लागलं. मी घरी सांगितलं तेव्हा सौ. काही वेळ गप्प होती, मग म्हणाली, “अहो, आधी मुलीच्या फीचं बघू.” तिनं वही काढली आणि कोणता खर्च थांबू शकतो याची मांडणी केली. त्या वहीमुळे मला पुढे कमी पगाराचं काम शांतपणे घेता आलं.

हातात एकरकमी पैसा आला की माणसं दारात येतात. कुणी एजन्सी देतो, कुणी किराणा दुकानाची जागा दाखवतो, कुणी आखाती देशातल्या नोकरीचं पत्र दाखवून ‘नोंदणी फी’ मागतो. चिटफंडात बुडालेली घरं छत्तीसगडमध्ये गावोगाव आहेत. परदेशाचं खरंच मनात असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का पाहा. नोंदलेल्या एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. दुकान काढणं वाईट नाही, पण ज्यानं कधी गल्ला सांभाळला नाही त्यानं ग्रॅच्युइटी ओतून पहिलं दुकान काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दुसऱ्याच्या दुकानात सहा महिने काम करावं.

नवं काम मला जाहिरातीतून मिळालं नाही, नातेवाइकांकडूनही नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात मी ओळखीच्यांना सांगत होतो की फर्नेसचं काम असेल तर सांगा, आणि सगळे सहानुभूतीनं माना हलवत होते. चूक त्यांची नव्हती, फर्नेसचं काम उरलंच नव्हतं. भट्टीला पंखे आणि पाइप पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं प्रश्न उलटा विचारला, “आप आग के सिवा और क्या देखते थे?” मी सांगू लागलो: इंधनाचा दर्जा, वारा, चिमणीचा ओढा, धुराचा रंग, तापमानाची नोंद, राखेचा निकाल. तो म्हणाला, हे सगळं उसना राइस मिलच्या बॉयलरवर लागतं.

उसना तांदूळ म्हणजे धान भिजवून, वाफ देऊन, वाळवून मग भरडलेला. वाफेसाठी बॉयलर लागतो, आणि बॉयलरमध्ये त्याच धानाचा भुसा जळतो. भुशाची आग कोळशासारखी नसते. हलकी, भर्रकन पेटणारी, आणि वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकी राख मागे टाकणारी. पण आग ती आगच, तिची भाषा मला येत होती. नव्हता तो कागद. बॉयलर कायद्याखाली प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही. परीक्षा वाष्पयंत्र निरीक्षकालयाची, आणि तिला बसायला बॉयलरवर प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. म्हणून आधी हेल्पर म्हणून राहिलो, मुलाच्या वयाच्या पोरांच्या हाताखाली, जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास.

तोंडी परीक्षेत विचारलं होतं, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय कराल? घाईत माणूस पंप चालू करतो, आणि तापून लाल झालेल्या धातूवर पाणी पडलं की बॉयलर फुटू शकतो. आधी आग बंद करायची. भट्टीत चुकलं तर लोखंड जळायचं, इथे माणसं जातात. त्यामुळे अनुभवी माणसालाही हा अभ्यास मुळापासून करावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

सरकारी योजनांकडे जरूर जा. कौशल्य विकासाचा हक्क देणारा कायदा छत्तीसगडनं २०१३ मध्ये केला, लाइव्हलीहूड कॉलेजं आहेत, आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या योजनेत आहे. मात्र त्यातलं बरंचसं तरुणांसाठी आखलेलं आहे. २०२३ मध्ये राज्यानं सुरू केलेला बेरोजगारी भत्ता १८ ते ३५ वयाचाच होता. पंचेचाळिशीतल्या माणसासाठी कुणी काही आखलेलं नाही, हे मला मनापासून खटकतं, कारण घराचा सगळा भार त्याच वयावर असतो.

आणि राइस मिलकडे वळणाऱ्यांना एक सांगायचं आहे. हे काम हंगामाचं आहे. नोव्हेंबरच्या सुमाराला धानखरेदी सुरू झाली की मिल रात्रंदिवस चालते, कस्टम मिलिंगचं, म्हणजे सरकारसाठी भरडायचं धान संपलं की महिनोन्‌महिने संथ पडते. पगार ठरवताना बारा महिन्यांचा ठरवा. संथ काळातली देखभाल, ट्यूबची सफाई, वार्षिक तपासणीची तयारी हे तुमचंच काम आहे असं नेमणूकपत्रात लिहून घ्या, आणि त्यावर ठेकेदाराचं नव्हे, मिलचं नाव असू द्या. मी तेवढंच धरून बसलो होतो. पहिल्या मिलनं नाही म्हटलं, दुसरीनं लिहून दिलं.