चला समजून घेऊ : कानाच्या आत काय असतं?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "लेकरू दीड वर्षाचं झालं, पण हाक मारली तरी वळत नाही." लगेच दुसरी म्हणाली, "अगं, याचा बापपण उशिराच बोलला. कानात कोमट तेल टाक." म्हणून या वेळचा धडा कानाचा.

आपल्याला दिसतो तो बाहेरचा कान. आवाज तिथून आत जाऊन पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडं आहेत : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. ही हाडं आवाजाची थरथर आतल्या कानाला देतात.

आतल्या कानाचे दोन मुख्य भाग :

१. शंख : वाटाण्याएवढा, गोगलगायीच्या कवचासारखे अडीच वेढे. आत पाणी आणि सुमारे १५,००० केसपेशी. पाणी हललं की त्या हलतात आणि नसेतून मेंदूला निरोप जातो. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून मिरवणुकीत डीजेसमोर लेकराला घेऊन उभं राहू नका.

२. तीन अर्धगोल नळ्या : या तोल सांभाळतात. फुगडी थांबली तरी घर फिरतंय असं वाटतं ना? आपण थांबतो, पण नळ्यांतलं पाणी थोडा वेळ फिरतच राहतं.

आता तेलाचं. तेल पडद्यापाशीच अडतं, शंखापर्यंत पोचतच नाही. पडदा फाटलेला असेल तर उलट अपायच होतो.

मूल जे ऐकतं तेच बोलायला शिकतं. त्यासाठी पहिली तीन वर्षं फार मोलाची. म्हणून हे बघा :
– मोठ्या आवाजाला बाळ दचकत नाही
– सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नाही
– दीड वर्षात एकही शब्द नाही

यातलं एक जरी दिसलं, तरी आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. पण पथकाची वाट बघत बसू नका, जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या. ताट वाजवल्यावर मूल वळलं म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. मोठा आवाज कळतो, पण बोलणं ऐकू येत नाही, असंही असतं.

त्या ताईसोबत मी येत्या सोमवारी तपासणीला जातेय. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत एवढं विचारा : आपल्या वस्तीत हाकेला न वळणारं लेकरू आहे का?