तंतुकणिका : निऱ्या की बटवा?

मायटोकॉन्ड्रियाचं चित्र शाळेत आपण सगळ्यांनीच काढलंय. लांबट गोल, आत पडद्याच्या नागमोडी घड्या. मराठी माध्यमवाल्यांनी त्याखाली 'तंतुकणिका' असं लिहिलं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हा शब्द फार आवडतो. कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये ग्रीकमधले 'धागा' आणि 'कण' हे दोन शब्द जोडून मूळ नाव केलं. मराठीत ते जसंच्या तसं उतरलंय. आमच्या शहापुरात, मागांच्या वस्तीत, तंतू म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नाही!

शब्द चोख आहे, चित्र मात्र जुनं राहिलंय.

1950 च्या दशकात जॉर्ज पॅलाड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे पातळ काप पाहिले. त्यांना घड्या दिसल्या त्या साडीच्या निऱ्यांसारख्या, रुंद तोंडाच्या. स्योस्ट्रँड यांच्या मते मात्र त्या आडव्या भिंती होत्या. दोघांच्या हाती कापच. पावाच्या एका स्लाइसवर भोक दिसलं, तर ती नुसती पोकळी की आरपार बोगदा, कसं सांगणार?

इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने ही अडचण बरीच सोडवली. जरा जाड काप घ्यायचा, एक-दोन अंशांनी कलवत जायचं, दर वेळी फोटो काढायचा. दोन्ही बाजूंना साठ-सत्तर अंशांपर्यंत. मग संगणक त्यातून त्रिमितीय आकार उभा करतो. सीटी स्कॅनची हीच रीत. तिथे यंत्र पेशंटभोवती फिरतं, इथे नमुनाच कलतो. पूर्ण आडवा मात्र करता येत नाही, कारण इलेक्ट्रॉनना फार जाडी पार करावी लागते. त्यामुळे थोडी माहिती निसटतेच.

1990 च्या दशकात मॅनेला, पर्किन्स, फ्रे यांनी असे आकार उभे केले. निऱ्या नव्हत्याच. आत होते बटवे! पोट मोठं, तोंड चिमुकलं, साधारण 30 नॅनोमीटरचं.

तोंड अरुंद असण्याने काय बिघडतं? पुष्कळ. सायटोक्रोम सी हे प्रथिन बहुतांशी या बटव्यांतच कोंडलेलं असतं आणि ते पेशीत सांडलं की पेशीच्या मरणाची साखळी सुरू होते. त्या वेळी बटव्याची नाडी सैल होऊन तोंड रुंदावतं, असं 2002 मध्ये उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिकांवर दिसलं. निऱ्यांच्या चित्रात ही गोष्ट मावतच नाही.

धाकट्या भावंडाला चित्र काढून देणार असाल, तर घडीचं तोंड बारीक काढा.