घोडीचा खुराक : अंगाचे खाते वेगळे, जोमाचे वेगळे

आमचा धंदा कापडाचा. लग्नसराईत आमची दुकाने आणि वरातीची घोडी एकाच हंगामावर जगतात. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडील घोडेवाल्या बंधूंसाठी आज खुराकाचा हिशेब मांडत आहोत.

टांग्यांचे दिवस गेले; राहिली ती वरातीची घोडी. तिचे काम बारमाही नसते. पावसाळ्यात ती बांधून असते आणि हिरव्या चाऱ्यावर फुगते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात काम वाढले की खंगते. मग मालक एकदम दाणा वाढवतो. त्याने अंग लवकर भरत नाही. जनावर मात्र तापट होऊन बँडच्या आवाजाला बुजते.

दुकानात शिलकी माल वेगळा आणि गल्ल्यातली रोकड वेगळी. घोडीचेही तसेच. अंगावरची चरबी ही शिल्लक, दाण्यातून लगेच मिळणारा जोम ही रोकड. रोकड ओतून शिल्लक एका रात्रीत वाढत नाही.

प्रथम अंग तपासावे. अमेरिकेत हेनेके व सहकाऱ्यांनी 1983 साली 1 ते 9 गुणांची पद्धत मांडली. मान, खांदा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपायचे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. असे जनावर 5 गुणांचे, म्हणजे बेताचे. एक गुण चढायला दोन-तीन महिने लागतात. तेव्हा हंगामाची तयारी आधीच सुरू करावी. भरपूर खाऊनही घोडी वाळत असेल, तर आधी दात आणि जंत तपासून घ्यावेत.

वजनाचा अंदाज आपल्या टेपनेही निघतो. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,900. मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. घेर 155 आणि लांबी 149 असेल, तर वजन सुमारे 300 किलो. अशा घोडीला दिवसाला साधारण 6 किलो सुका खुराक हवा. त्यात निदान साडेचार किलो चारा असावा. उरलेला दाणा कामाप्रमाणे. एका वेळी 1 किलोपेक्षा जास्त दाणा देऊ नये. दोन-तीन वेळांत वाटावा.

आता आपल्या भागातला माल पाहू.

1. तणस : मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे मुबलक. पोट भरते, ताकद फार देत नाही. सोबत चांगले वाळलेले गवत किंवा वरोऱ्याकडचा ज्वारीचा कडबा द्यावा.

2. भाताचा कोंडा : यात तेल असते, म्हणून अंग भरते. पण तो लवकर खवट होतो, ताजाच घ्यावा. शिवाय यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे. नुसत्या कोंड्यावर महिनोन्‌महिने ठेवलेल्या घोड्याची हाडे कमकुवत होतात, तोंडाची हाडे सुजतात, तो लंगडतो. कोंडा थोडाच द्यावा. कॅल्शियमची भर पशुवैद्यकाला विचारून घालावी.

3. लाखोळी : स्वस्त मिळाली तरी घोड्याला देऊ नये. तिच्यातील विषारी द्रव्य मज्जातंतूंना बाधते. घोडा श्वास घेताना घरघरतो, मागचे पाय लटके पडतात.

4. हरभरा : भरडून, भिजवून, बेताने.

5. जवस : नीट उकळून. वाळलेल्या पण तापट घोडीला दाणा वाढवण्यापेक्षा थोडे खाद्यतेल बरे. वजनास वजन पाहता तेलात दाण्याच्या दुपटीहून अधिक ताकद असते. दिवसाला 50 मिलिलिटरपासून सुरुवात करावी.

काम नसेल त्या दिवशी दाणा निम्मा करावा, चारा मात्र पूर्ण ठेवावा. बसून भरपूर दाणा खाल्लेली घोडी दुसऱ्या दिवशी कामाला जुंपली, तर स्नायू आखडून जागेवर अडते. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. उन्हाळ्यात मीठ आणि स्वच्छ पाणी सतत समोर असावे.

महिन्यातून एकदा टेप लावावी, बरगड्या चाचपाव्यात आणि वहीत नोंद करावी. वही ठेवणारा व्यापारी तोटा वेळेवर ओळखतो. घोडेवाल्यालाही तेच लागू आहे. हंगामात घोडी बसली, तर तिच्याबरोबर घरची रोजीही बसते.