तेलांत विरघळलेलें औषध रक्तांत कसें जातें?

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, हें आपण स्वयंपाकघरांत रोज पाहतों. रक्तांत तर पाण्याचाच भाग मोठा. मग कॉड माशाच्या यकृताच्या तेलांतील 'अ' व 'ड' जीवनसत्त्वें रक्तांत शिरतात कशीं? या प्रश्नाचा उलगडा आम्ही येथें थोडक्यांत करीत आहों.

तेल जठरांतून लहान आंतड्यांत उतरलें म्हणजे त्यांत पित्त मिसळतें. साबणानें भांड्याचा तेलकटपणा सुटतो, त्याप्रमाणें पित्तांतील क्षारांनी तेलाचे बारीक कण होतात. स्वादुपिंडाचा रस त्या कणांतील चरबीचें विघटन करितो. विघटित चरबी, पित्तक्षार व जीवनसत्त्व यांचे अतिसूक्ष्म पुंजके आंतड्याच्या अस्तराशीं पोहोंचतात. तेथील पेशी चरबी पुन्हां जोडून तिजवर प्रथिनांचें वेष्टन चढवितात. त्याच वेष्टनांत जीवनसत्त्वही बसतें.

हे कण तेथील रक्तवाहिन्यांत न जातां रसवाहिन्यांत जातात. १६२२ सालीं इटलींतील वैद्य गास्पारे आसेल्ली यांस, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याची चिरफाड करितांना, आंतड्यांच्या पडद्यांत दुधासारख्या पांढऱ्या शिरा दिसल्या. त्या याच रसवाहिन्या. त्यांतील रस छातींतील नळीनें वर चढून मानेच्या मुळाशीं, डाव्या बाजूच्या शिरेंत पडतो. साखर आंतड्यांतून प्रथम यकृताकडे जाते. तेलांतील औषध असा वळसा घेऊन रक्तास मिळतें.

यावरून घरोघर उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी निघतात. पहिली, अशीं औषधें स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास अधिक लागू पडतात. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झाली असतां तीं नीट शोषलीं जात नाहींत. दुसरी, प्रत्येक तेल वाहक नव्हे. सारक म्हणून घेतलें जाणारें लिक्विड पॅराफिन पचत नाहीं; उलट तें जीवनसत्त्वांस आपणांत विरघळवून बाहेर नेतें. तिसरी, हीं जीवनसत्त्वें शरीरांत सांठतात, म्हणून अधिक मात्रा अपायकारक होते. आपल्या देशांत बालकांस नवव्या महिन्यांत 'अ' जीवनसत्त्वाचे १ लाख युनिट व पुढें पांच वर्षांचें होईपर्यंत दर सहा महिन्यांनीं २ लाख युनिट देतात, तें मोजूनच.

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळेपणा येतो, व पुढें डोळाही जातो. तें शरीरांत ज्यापासून बनतें तें द्रव्य गाजर व पालेभाजी यांत असतें, आणि त्यासही स्नेहाची जोड लागते. भाजीस घातलेली फोडणी केवळ चवीसाठींच नव्हे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.