वह्यांच्या दुकानात बसून लिहिताना

फोंडाघाटच्या बाजारपेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. देवगडहून निपाणीला जाणारा रस्ता दुकानासमोरून जातो; पुढे घाट चढला की दाजीपूर, मग राधानगरी. सासऱ्यांनी सुरू केलेल्या या दुकानात मी झेरॉक्स मशीन आणलं आणि त्या मशीनमागच्या स्टुलावर बसून कुमारवयीन मुलांसाठी चार कादंबऱ्या लिहिल्या. कणकवलीच्या एका कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, "तुम्ही हे शिकलात कुठे?" तिथे काहीतरी गुळगुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

१. झेरॉक्सच्या रांगेत तोंड बंद ठेवावं.

चौदा वर्षांचं माणूस मोठ्यांसमोर बोलत नाही. पण दुकानदारीण मोठ्यांत धरली जात नाही. ती काउंटरचाच एक भाग असते. जर्नलचं कव्हर, आलेखाचे कागद, दोनशेपानी वही मागता मागता मुलं आपसांत जे बोलतात ते घरी कधीच बोलत नाहीत. कोण कोणाशी बोलायचं बंद झालंय, कोणाच्या बापाने मोबाईल आपटला, कोण दहावीनंतर मुंबईला मामाकडे जाणार आणि कोणाला ते नको आहे. मी मान खाली घालून कागद सरळ करत असते.

आणि तरीही पहिल्या कादंबरीत मी कानांवर विश्वास ठेवला नाही. माझी पात्रं शालेय निबंधासारखी बोलायची. नववीतल्या एका मुलीला हस्तलिखित वाचायला दिलं. दोन दिवसांनी तिने ते काउंटरवर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "काकी, असां कोण बोलता?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळं मालवणीत लिहून काढलं. पुण्याच्या संपादकांनी शब्दार्थांची यादी मागितली. ती अकरा पानांची झाली, तेव्हा माझं मलाच हसू आलं. पुन्हा रांगेकडे कान दिला तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडचा मुलगा एका तासात चार भाषा बोलतो. आईशी मालवणी, सरांशी पुस्तकी मराठी, घाटावरून उतरलेल्या ट्रकवाल्याशी कोल्हापुरी थाटात, मोबाईलवर हिंदी. तो कोणाशी कोणती भाषा बोलतो, आणि चुकीच्या जागी चुकीची भाषा कधी वापरतो, यातच तो सापडतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला मुलगा खोटं बोलायचं असलं की घरात शुद्ध मराठी बोलायला लागतो. आईला शब्द ऐकू यायच्या आधीच कळतं. हे मी रचलेलं नाही, दुकानात पाहिलेलं आहे.

२. आधी नकाशा काढावा, मग गोष्ट.

स्टीव्हन्सनने १८८१ साली पावसाळी सुट्टीत सावत्र मुलाबरोबर बसून एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून 'ट्रेझर आयलंड' निघाली, हे मी फार उशिरा वाचलं. त्याआधीच मी आपटले होते. माझ्या नायकाने साध्या सायकलवरून अर्ध्या तासात घाट चढून दाजीपूर गाठलं होतं. पुस्तक छापून आल्यावर रोज घाट करणाऱ्या एका ड्रायव्हरने ते पान दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर मी एसटीच्या खिडकीजवळची जागा धरून वही घेऊन तीन वेळा वर जाऊन आले. पावसात दरड कुठे येते, धुकं कोणत्या वळणापासून लागतं, गवे रस्त्यावर कुठे उभे असतात म्हणून ड्रायव्हर आधीच वेग कमी करतो, मोबाईलची रेंज कुठे जाते. शेवटच्या गोष्टीवर तर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

लहान गावाची लाज वाटू देऊ नये, हे मात्र मला भा. रा. भागवतांनी शाळेतच शिकवलं होतं. त्यांचा फास्टर फेणे पुण्याच्या शाळेत शिकत असला तरी फुरसुंगीचा. फुरसुंगी हे खरोखरचं गाव आहे हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, मग आमच्या फोंड्याने काय घोडं मारलंय?

(घाट म्हणजे पौगंडावस्था, खाली बालपण आणि वर मोठेपण, असं मी एकदा एका शाळेत बोलले. टाळ्याही पडल्या. घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली. घाट म्हणजे घाट.)

३. पात्र येताना स्वतःबरोबर आपलं बोलणं घेऊन यायला हवं.

हे दशावताराचं देणं. जत्रांचे दिवस सुरू झाले की देवळासमोर रात्रभर नाटक. लहानपणी वाटायचं, ही माणसं एवढं पाठ कशी करतात? पाठ नसतंच. आख्यान ठरलेलं असतं, कोण कधी येणार ते ठरलेलं असतं. बोलणं ज्याने त्याने तिथल्या तिथे उभं करायचं. समोर अर्धी माणसं पेंगलेली, पोरं आईच्या मांडीवर झोपलेली. अशा गर्दीत राजाने पहिल्या दोन वाक्यांत राजा व्हायचं असतं. मी आजही संवाद लिहिण्याआधी माडीवर जाऊन मोठ्याने बोलून पाहते. शेजाऱ्यांना सवय झाली आहे.

४. बोध वाचक शोधतो, आपण ठेवायचा नाही.

याला आमच्याकडे साने गुरुजींचा दाखला देऊन विरोध होतो. पण बघा, 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झाली. सुविचारांची वही भरायला बसलेल्या माणसाला हा वेग येत नाही. आईची आठवण अनावर झालेल्या माणसाला येतो. मला त्यातला उपदेश आज आठवत नाही. पोहायला घाबरून लपलेला श्याम आणि हातात शिंपटी घेतलेली त्याची आई आठवते. मीही विहिरीला घाबरायची.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी एक आजोबा होते. ते अंगणातल्या बाकावर बसून दोन पानं जीवनाविषयी बोलत. दुसऱ्या आवृत्तीत मी आजोबांना भाताच्या मळ्यावर पाठवलं. कोणालाही त्यांची उणीव भासलेली नाही.

५. नाव बदललं तरी गाव घर ओळखतं.

ही गोष्ट सांगायला मला आवडत नाही. तिसऱ्या कादंबरीत एक मुलगा आहे. त्याचा बाप मुंबईला गेला आणि दर गणपतीला 'पुढच्या वर्षी नक्की' असा निरोप पाठवत राहिला. मुलगा दर वर्षी चाकरमान्यांच्या गाड्या मोजत स्टँडवर बसतो. मी नाव बदललं, वाडी बदलली, बहिणीच्या जागी भाऊ केला. समीक्षणात नेमका तोच भाग 'हृदयस्पर्शी' ठरला.

महिनाभराने एक बाई दुकानात आल्या. काही मागितलं नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, काउंटरवर ठेवलं आणि पैसे परत न घेता निघून गेल्या. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, नीट कोपरे दुमडून. म्हणजे कोणीतरी ते जपून वाचलं होतं. कव्हर त्या मुलाने घातलं की त्याच्या आईने, याचा विचार मी अजून करते.

कल्पनेची ढाल पुढे करणं सोपं आहे. पण मी त्या घरातून दुःख उचललं होतं, आणि तेही न विचारता, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. आता नियम असा की ऐकलेल्या गोष्टीतला प्रसंग घ्यायचा नाही. फार तर त्या प्रसंगाने माझ्या आयुष्यातलं जे आठवलं ते घ्यायचं. गाड्या मोजायच्या तर मी स्वतः कोणासाठी मोजल्या होत्या ते आठवायचं. याने लिखाण हळू होतं. होऊ दे.

६. कपाटावरची पाटी मनाला लावून घेऊ नये.

वाचनालयात आमची पुस्तकं 'बालवाङ्मय' लिहिलेल्या कपाटात असतात. आठवीतला मुलगा मेला तरी त्या कपाटापाशी उभा राहणार नाही. तो भयकथा नेतो, नाहीतर आईच्या कार्डावर मोठ्यांची कादंबरी. साहित्य अकादमीचा २०१० पासूनचा पुरस्कारही 'बाल साहित्य' याच नावाने मिळतो, पण त्यात डोकावलं की धीर येतो. ल. म. कडूंची 'खारीच्या वाटा' धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची आहे. २०१९ चे मानकरी सलीम मुल्ला तर घाट चढून गेलं की लागणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याचे, वनखात्यात काम करणारे. पुस्तकाचं नाव 'जंगल खजिन्याचा शोध'. पगार घेऊन जंगलात हिंडणाऱ्या माणसाचा मला थोडा हेवा वाटतो. तिकडे अमेरिकेत एस. ई. हिंटन शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला बसली, कारण तिच्या गावातल्या पोरांसारखी पोरं तिला पुस्तकात सापडत नव्हती. १९६७ साली कादंबरी छापली गेली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची. मी सुरुवात केली तेव्हा बेचाळीस.

७. पैसे आणि वेळ, यांच्याविषयी थोडक्यात.

पहिल्या पुस्तकाचं मानधन म्हणून मला पन्नास प्रती मिळाल्या. त्या मी कंपासपेट्यांच्या शेजारी लावून विकल्या. जूनमध्ये लिहिणं शक्य नाही, तो वह्यांचा हंगाम. जुलैत कागद दमट होतो, शाई पसरते, वीज जाते. पेन्सिलीने टिपणं काढायची. गणपतीत घर भरलेलं. खरं लिखाण दिवाळीनंतर, दुपारी दोन ते चार, बाजार झोपलेला असताना. फेब्रुवारीत परीक्षांच्या झेरॉक्स सुरू झाल्या की दुकान पुन्हा उठतं. म्हणजे वर्षाचे साडेतीन महिने. वर्षभर लिहिणारे लेखक काय करतात मला माहीत नाही.

८. सुचलेला शेवट पक्का करण्याआधी कोणाला तरी दाखवून घ्यावा.

मालवणीत लग्न न झालेली मुलगी नपुंसकलिंगी असते. 'ती' नाही, 'तां'. "तां चेडू खंय गेलां?" असं घरचे विचारतात, आणि त्यात हेटाळणी नसते, उलट मायाच असते. प्रमाण मराठीत मात्र कादंबरीच्या पहिल्या ओळीपासून ती 'ती' असते. चौथ्या कादंबरीची नायिका सोळा वर्षांची. मला वाटलं, वा, शेवट सापडला. ती घाट चढून कोल्हापूरला शिकायला निघते, एसटी सुटते, आणि खाली उभी असलेली आजी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगते, "ती गेली." तां नव्हे, ती. तीन पानं लिहिली आणि लिहिता लिहिता मीच रडले.

'असां कोण बोलता' विचारणारी ती नववीतली मुलगी आता कोल्हापूरला नर्स आहे. गणपतीला आली तेव्हा मी तिला ती तीन पानं दिली. तिने काउंटरला टेकून तिथेच वाचली. मग म्हणाली, "काकी, माका नोकरी लागली, पगार घराक धाडतंय, तरी माजी आजी माका अजून 'तां'च म्हणता. आणि तिणां बदललां तर माका आवडाचा नाय."

मी पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोरच तीनही पानांवर तिरकी रेघ मारली. तिने आजीसाठी मोठ्या अक्षरातली पोथी आहे का विचारलं. नव्हती. मागवून ठेवते म्हणाले.