अक्षांश-रेखांशांवरून शोध : एक सांघिक पाठ

अक्षांश-रेखांशांची व्याख्या मुलांना पाठ असते. परंतु त्यांचा उपयोग विचारला की वर्ग गप्प बसतो. ह्यावर एक सुलभ उपाय आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या स्थानदर्शक संदेशांत हेतुतः ठेवलेला दोष काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर ह्या गृहस्थांनी एक डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. त्यातूनच 'जिओकॅशिंग' हा शोधखेळ जन्मास आला.

पूर्वतयारी : शिवारात चार डबे ठेवावेत, प्रत्येकात नोंदवही व भूगोलाचा एक प्रश्न असावा. जागा विहीर, रहदारी व विजेचे खांब ह्यांपासून दूर असावी. जमीनमालकाची अनुमती अवश्य घ्यावी.

कृती : आठवीच्या मुलामुलींचे चौघाचौघांचे संघ करावेत. प्रत्येक संघास एक मोबाईल द्यावा. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, हे आधी फळ्यावर मांडून दाखवावे. यंत्र काही मीटरांनी चुकते. तेव्हा अखेरचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो.

एक अनुभव : प्रथम हा खेळ घेतला तेव्हा यंत्र हाती असलेला मुलगा पुढे धावला, तिघे नुसते मागून गेले. संघ पहिला आला, परंतु तिघे काहीच शिकले नाहीत. दोष माझ्या नियमांचा होता. आता प्रत्येक डब्यापाशी यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते, आणि चौघेही पोहोचल्यावाचून नोंद ग्राह्य धरली जात नाही. वेळ अधिक लागतो. पण मागे राहणारे मूल राहत नाही.