इंजिनाला जड चाक कशाला?

पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. अकलूजसारख्या उसाच्या भागात विहिरींवर डिझेल इंजिने दिसू लागली. तशा जुन्या इंजिनावर काही हौशी मंडळी वीज तयार करतात.

मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात इंधन ३२५ वेळाच पेटते. मधल्या वेळी जड चाकात साठलेली ऊर्जा इंजिन फिरते ठेवते. चाक हलके असेल, तर दिवे लुकलुकतील.

चार ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे हवेत. पट्टा इंजिनाच्या ६० सेंमी व्यासाच्या चाकावर असेल, तर जनित्राची पुली केवढी? ६० × ६५० ÷ १५०० = २६ सेंमी.

मात्र इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; पण तो जीव घेतो.